शब्दकोशावरचा डाग

नीलला मामा नव्हता. म्हणून उष्टावणाच्या पाटावर, जिथं मामानं भाच्याला मांडीवर घेऊन बसायचं असतं, तिथं त्याच्या मावशीनं बसायचं ठरलं होतं. आणि घरात दोन दिवसांपासून जो भडका उडाला होता तो या मावशीमुळेच असल्यानं सकाळपासून सगळे तिच्याशी नीलमार्फत बोलत होते.

"नील, तुझ्या मावशीले सांग, केस बांध म्हणा," मीनल म्हणाली.

"नील, मम्मी को बोल, बंधे हुए हैं," ज्ञानदा म्हणाली.

नील आपल्या आजीकडे आणि मावशीकडे आळीपाळीनं बघत लाळ गाळत होता. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या गंगाधररावांना, म्हणजे त्याच्या पणजोबांना, त्याचा हेवा वाटला. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि नुसती लाळ गाळायची. हेच त्यांनीही जन्मभर केलं होतं, पण त्यांना कोणी त्याबद्दल कडेवर घेतलं नव्हतं.

खरं तर आजचा दिवस कौतुकाचा होता. परवाच ज्ञानदाला इंजिनिअरिंगची पदवी मिळाली होती. मोठी बहीण ऋता बाळाला घेऊन माहेरी आलेली. तेव्हा चौबे कॉलोनीच्या या घरात नातीची पदवी आणि पणतूचं उष्टावण एकाच दिवशी, एकाच केटररमध्ये उरकावं असा हिशेबी विचार अनिमेषनं केला होता. अनिमेष गंगाधररावांचा मुलगा, वीज कंपनीत मोठा अधिकारी. त्याचा एकही विचार हिशेबाबाहेरचा नसे. मात्र पदवीदान समारंभाहून परत येताना, गाडीतच, ज्ञानदानं सांगून टाकलं होतं की नागपूरची एम. टेक.ची जागा ती घेणार नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून तिची निवड झाली आहे आणि सोमवारी ट्रेनिंगला बिलासपूरला हजर व्हायचं आहे.

"म्हणजे इंजिन ड्रायव्हर," अनिमेष तेव्हा म्हणाला होता, आणि लाल सिग्नल तोडून पुढे गेला होता.

आताही तो तेच म्हणत होता, फक्त ऐकायला माणसं जास्त होती. "आमचे आजोबा श्यामराव. जन्मभर इंजिनावर कोळसा खाल्ला. बाबांनी पुस्तकं खाल्ली. मी फायली खाऊन राहिलो. तीन पिढ्या लागल्या त्या इंजिनावरून खाली उतरायले, अन् ही पोट्टी डिग्री घेऊन पुन्हा वर चढून राहिली!"

"पापा, अब कोयला नहीं होता. इलेक्ट्रिक है. मेरा ही सब्जेक्ट है."

"नील, मावशीले सांग, सब्जेक्ट आमच्या ऑफिसातही आहे. पंख्याखाली."

विनोदिनीबाई, गंगाधररावांची पत्नी, स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या. काल रात्रीपर्यंत त्या नातीच्या बाजूनं होत्या, कारण रेल्वेच्या पासावर पुरी आणि काशी दोन्ही होईल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण सकाळी पोळ्या लाटता लाटता मीनलनं त्यांना विचारलं होतं, "आई, इंजिनात मोरी असते का, ठाऊक आहे?" तेव्हापासून त्या अनिमेषच्या बाजूला होत्या.

"नवे इंजन में लग रहे हैं, आजी," ज्ञानदा म्हणाली.

"लागू दे. मग जा."

उलट मीनल, जिनं सासूला फितवलं होतं, ती मात्र आज हळूहळू लेकीच्या बाजूला सरकत होती. याला कारण अनिमेषचं एक वाक्य. शिक्षण कधी वाया जात नाही, असं तो दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मीनलनं हातातला नारळ खाली ठेवला.

"हो? मग माझं एम. एस्सी. कुठं आहे? दाखवा ना. मी केमिस्ट्रीत पहिली आली होती. कुकरमध्ये आहे का? डब्यात आहे? बघा बरं, फ्रिजच्या मागं पडलं असेल."

"तुझा विषय वेगळा आहे, मीनल."

"हव, माझा विषय नेहमीच वेगळा असते."

गंगाधररावांनी शब्दकोश पुसायला घेतला. घरात आवाज चढले की ते हेच करत. तो जाडजूड शब्दकोश त्यांच्या वडिलांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या एका मास्तरांकडून मागून आणला होता, गंगाधररावांच्या उष्टावणासाठी, आणि मास्तरांनी तो परत मागितला नव्हता. त्यामागची हकीकत घराण्यात प्रसिद्ध होती. बाळापुढे ताटात पुस्तक, पेन, चांदीचा रुपया, माती असं मांडायचं. बाळ जे उचलेल तो त्याचा पुढचा मार्ग. इंजिन ड्रायव्हरच्या पोरानं बाकी कशाकडे ढुंकूनही न बघता पुस्तकावर झेप घेतली होती आणि ते छातीशी धरलं होतं. मग तो शिकला, घराण्यातला पहिला पदवीधर झाला, आणि कॉलेजचा ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाला.

एरवी गंगाधररावांना स्वतःविषयी कसलीच खात्री नव्हती. त्यांचं वाक्य 'बहुधा'नं सुरू व्हायचं आणि 'पण'वर येऊन बसायचं. लग्नाला होकारसुद्धा त्यांनी 'बहुधा हरकत नसावी' असा कळवला होता, आणि विनोदिनीबाईंनी तो शब्द अजून त्यांना माफ केला नव्हता. ग्रंथालयातही, आपण इथं पुस्तकं देतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न त्यांना टोचत राही. उन्हाळ्यात निम्मी मुलं वाचनकक्षात केवळ पंख्यासाठी यायची. त्यांना हाकलावं की बसू द्यावं हे ठरवण्यात त्यांची नोकरी संपली. पण एवढं एक पक्कं होतं. साऱ्या आयुष्यात एक निर्णय त्यांनी ठामपणे, दोन्ही हातांनी, कोणालाही न विचारता घेतला होता. तेव्हा त्यांना दात आले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर मधोमध एक गोल तेलकट डाग होता. बाळाला तेल लावून न्हाऊ घातलेलं असणार, आणि झेप घेताना कपाळ पुस्तकावर टेकलं असणार, असा त्यांचा कयास होता. निरोपसमारंभात ते त्यावर बोललेही होते. "माझा आणि ग्रंथांचा पहिला स्पर्श कपाळानं झाला." आयुष्यात त्यांना पडलेल्या टाळ्या त्या तेवढ्याच.

"बाबा," अनिमेष त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "मी हिला सांगितलं आहे. आता वाद नको. बाबा सांगतील तसं."

"मी?" गंगाधरराव म्हणाले.

"और मैंने हाँ बोल दिया," ज्ञानदा म्हणाली. "आजोबा जो बोलेंगे, फायनल."

अनिमेषनं हे सुचवलं होतं, कारण ग्रंथपाल माणूस शिक्षणाच्याच बाजूनं बोलणार. ज्ञानदानं होकार दिला होता, कारण आजोबा काहीच बोलणार नाहीत, आणि कोणी काही बोललं नाही की सोमवार येतोच. दोघांनीही गंगाधररावांवर पूर्ण विश्वास टाकला होता. मात्र कशावर विश्वास टाकला होता हे आठवलं की कौतुक वाटण्यासारखं काही नव्हतं.

"बहुधा," ते म्हणाले, "जेवणानंतर बोलावं."

"जेवणाआधी," दोघं एकदम म्हणाली.

तेवढ्यात बाहेर ई-रिक्षा थांबली आणि सरोजिनी आक्का उतरल्या. आक्का म्हणजे गंगाधररावांची थोरली बहीण. ब्राह्मणपाऱ्यात एकट्या राहायच्या. कान गेले होते, पण ऐकायचं ते बरोबर ऐकू यायचं. भाड्यावरून रिक्षावाल्याशी छत्तीसगढीत एक फेरी झाली, ती जिंकून त्या आत आल्या आणि थेट दिवाणावर बसल्या.

"काहून रे, सगळ्यायचे चेहरे असे? लेकराचं उष्टावण आहे का कोणाचा दहावा?"

"ज्ञानदा इंजिन चालवणार म्हणते, आत्या," अनिमेषनं मोठ्यानं सांगितलं.

"कोण?"

"आपली ज्ञानदा! इंजिन!"

"मंग चालवू दे. मले काहून वरडून सांगून राहिला? मी काय रुळावर बसली आहे?"

ज्ञानदा फिस्सकन हसली. अनिमेषनं आत्याची आशा सोडली.

मुहूर्त टळायला नको म्हणून ऋतानं नीलला पाटावर, ज्ञानदाच्या मांडीत ठेवलं. लाळेसाठी काही कापड हवं होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून पदवीदानाचं उपरणं त्याच्या गळ्यात बांधलं. "चार साल की मेहनत," ज्ञानदा म्हणाली, "आखिर काम आई." खिरीचं बोट चाटवून झालं. मग विनोदिनीबाईंनी ताट पुढे सरकवलं. त्यात तोच शब्दकोश, पेन, चांदीचा रुपया आणि कुंडीतली माती घातलेली वाटी होती. ऋताचे सासरे दुर्गला डॉक्टर होते, त्यांनी आपला जुना स्टेथोस्कोप मुद्दाम पाठवला होता. अनिमेषनं खिशातला टेस्टर ठेवला. ऋतानं त्याच्या हातात आपला मोबाइल दिला. "पापा, व्हिडिओ काढा. ह्यांची प्लांटमध्ये ड्यूटी आहे. सगळे तिकडं वाट पाहून राहिले."

नील ताटाकडे बघू लागला. सगळे नीलकडे बघू लागले.

"लाडू कुठं आहे?" आक्कांनी विचारलं.

"लाडू पंगतीत, आक्का," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"पंगतीतला नाही म्हणत मी. पुस्तकावरचा लाडू कुठं आहे?"

"पुस्तकावर कायले लाडू?"

"अवं, मंग पोट्टा पुस्तक कसा उचलीन? गंग्यानं काय उगाच उचललं होतं?"

गंगाधररावांना वाटलं, आपल्या कानांचं काही चुकलं असेल. कान बहिणीचे गेले होते, तरी.

"आक्का," ते म्हणाले, "कसला लाडू?"

"बुंदीचा. तुपातला. आईनं केला होता." आक्का सगळ्यांकडे बघू लागल्या. "तुमाले ठाऊक नाही? मले वाटलं, सगळ्यायले ठाऊक आहे. अरे, बाबानं आपला पितळी बिल्ला ठेवला होता ताटात. इंजिनावरचा, नंबरवाला. किती दिवस चिंचेनं घासून राहिला होता. असा चमके! त्याले वाटे, पोरगा बिल्लाच उचलते. त्याले हा पोट्टा इंजिनावर न्यायचा होता. अन् आईले नव्हता न्यायचा. ते कोळशाचे कपडे तिलेच धुवा लागत. ते पुस्तक पाहिलं तिनं, वाचता तर येत नव्हतं, पण तिले ठाऊक होतं हे पोट्टं एक नंबरचं खादाड आहे. बाबा पाणी प्यायले उठला तशी तिनं लाडू पुस्तकावर ठेवला. मी परकर घालायची तेव्हा. बाजूलेच उभी होती. मले म्हणे, बोललीस तर पाय मोडीन."

"म्हणजे मी..." गंगाधरराव म्हणाले.

"तू लाडवावर पडला. असा, पोटावर. लाडू तोंडात अन् पुस्तक खाली. आई म्हणे, पाहा, पाहा, पुस्तक धरलं! अन् लाडू सोडवू देईना तू, म्हणून पुस्तकही सुटेना."

"अन् तो डाग?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"तूप आहे थे."

विनोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. पण खांदे हलायचे ते हललेच. "कपाळ!" त्या म्हणाल्या. "ग्रंथांचा पहिला स्पर्श!" आणि त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अन् आजोबा? श्यामराव आजोबा काय म्हणाले?" अनिमेष पुढे सरकला. मोबाइल त्याच्या हातात कुठल्याही दिशेला वळत होता. "आत्या, सिरियसली विचारतोय. त्यांना कळलं नाही?"

"त्याले कळलं नसेल काय? इंजिन चालवे तो. समोरचं दिसे त्याले." आक्का म्हणाल्या. "दिवसभर बोलला नाही कोणाशी. संध्याकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मात्र सगळ्या क्वार्टरांत सांगून आला. माह्या पोट्ट्यानं पुस्तक उचललं म्हणे."

गंगाधररावांना वडिलांचा तो चेहरा आठवायला हवा होता, पण तो त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या वेळी ते लाडू खात होते.

"और वो बिल्ला?" ज्ञानदानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "बिल्ला कहाँ है, आक्का आजी?"

"बाबा रिटायर झाला तसा आईनं मोडीत देऊन चहाची गाळणी घेतली."

"अगं बाई," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पितळी? ती तर सकाळीच मी चहाला..."

त्याच क्षणी ताट पालथं झालं. पितळेचा तो आवाज घरभर घुमला. सगळ्यांच्या माना वळल्या.

नील मांडीतून केव्हाच उतरला होता. तो जमिनीवर, सगळ्या संसारात बसला होता. तोंडात माती, पायाला स्टेथोस्कोपची नळी, शब्दकोश त्याच्या लाळेनं ओला. रुपया दिवाणाखाली घरंगळत होता. पेन कुठंच नव्हतं. पदवीचं उपरणं मागे गेलेलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान की त्याला जे हवं ते मिळालेलं आहे. काय हवं होतं, ते कोणी पाहिलं नव्हतं.

"आधी काय उचललं?" मीनलनं विचारलं. "ज्ञानदा, तुझ्या मांडीत होता ना तो?" गडबडीत ती लेकीशी सरळच बोलून गेली.

"मैं बिल्ला सुन रही थी..."

"व्हिडिओ!" ऋता म्हणाली. "पापांनी काढलाय ना!"

अनिमेषनं व्हिडिओ लावला. त्यात छताचा पंखा होता. बराच वेळ पंखा. मग आक्कांचा एक कान, पुन्हा पंखा, आणि अनिमेषचा आवाज, 'आत्या, सिरियसली विचारतोय.' शेवटी ताटाचा दणका, आणि अनिमेषची चप्पल.

तेवढ्यात तोच मोबाइल वाजू लागला. दुर्गहून ऋताचे सासरे, व्हिडिओ कॉलवर. "क्या उठाया हमारे हीरो ने?"

ऋतानं अनिमेषच्या हातातून मोबाइल घेतला.

"पेन म्हण," अनिमेष कुजबुजला.

"पेन कुठं आहे? पुस्तक म्हणा," विनोदिनीबाई. "आपल्याकडं पुस्तकच उचलतात."

"लाडवाशिवाय?" आक्का म्हणाल्या, आणि कुजबुजायला त्यांना येत नव्हतं.

मीनलनं वाकून नीलच्या पायाची नळी सोडवली, ती त्याच्या मुठीत कोंबली आणि ऋताला कोपरानं ढोसलं. ऋता मोबाइलकडे बघून गोड हसली. "स्टेथोस्कोप, पापाजी."

पलीकडून असा जल्लोष उठला की नील दचकला. डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं. आपल्या वडिलांचं नाव घेऊन ते म्हणाले की हे रक्तातच असतं. त्यांच्या घरात कोणीतरी शेजाऱ्यांना सांगायला धावतही गेलं.

गंगाधरराव खुर्चीतून हे बघत होते. असं होतं तर. एवढंच लागतं. एक कोपराचा ढोसा, आणि मातीनं तोंड भरलेलं पोर डॉक्टर. आता हा मोठा होईल, आणि कुठल्यातरी समारंभात सांगेल की आपण स्टेथोस्कोपवर झेप घेतली होती. टाळ्या पडतील. त्यांना राग यायला हवा होता. पण ओठ आपोआप वर जात होते. पुस्तकं तर त्यांना आवडली होती. तूप खाऊन का होईना, आवडली होती. वाचनकक्षात पंख्याखाली झोपायला आलेली मुलंसुद्धा कधी कधी चुकून पान उलटायची, आणि मग उठायची नाहीत. आपण त्यांच्यातलेच. फक्त आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि आपणही नंतर कधी स्वतःला विचारलं नाही, की बाबा, तुला काय पाहिजे होतं?

फोन बंद झाला. अनिमेषनं घसा साफ केला. "झालं. बाबा, आता तुम्ही सांगा. हिनं काय करायचं?"

"ज्ञानदा," गंगाधरराव म्हणाले, "तुला इंजिनच का हवं आहे?"

ती गोंधळली. तिला आजोबांकडून गप्प बसण्याची अपेक्षा होती, प्रश्नाची नव्हती. तिनं नीलच्या तोंडातली माती बोटानं काढत उत्तर दिलं, मान वर न करता. "आजोबा, चार साल सबने पढ़ाया कि मोटर कैसे चलती है. सारे डायग्राम मुँहज़बानी आते हैं. पर चलाने किसी ने नहीं दी. एक बार भी नहीं. एम. टेक. में दो साल और पढ़ाएँगे कि कैसे चलती है." मग ती मराठीवर आली. राग आला किंवा रडू आलं की तिला मराठी यायची. "मले चालवायची आहे. बस. मले आवडली नाही तर सोडून येईन. पण मीच सोडीन."

"बाबा, ऐकलं ना?" अनिमेष म्हणाला. "आवडली नाही तर म्हणते! स्वतःची खात्री नाही तिला."

"जा," गंगाधरराव म्हणाले.

सगळे थांबले. घराला त्यांच्या वाक्यांची सवय होती. आता 'पण' येईल, 'तसं पाहिलं तर' येईल, मग दोन्ही बाजूंचे मुद्दे, आणि शेवटी जेवण. अनिमेष भुवया वर करून उभा राहिला. विनोदिनीबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

"पुढं?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"पुढं काही नाही. सोमवारी जा."

"बाबा!" अनिमेषचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "तुम्ही ग्रंथपाल होता!"

"हो. माझं बरं चाललं त्यात. तुझं म्हणणं खरं आहे, तिला खात्री नाही. मला होती, जन्मभर. बघितलीस ना कशाची होती ती?"

अनिमेष त्या डागाकडे बघत राहिला. आपलं काय ठेवलं होतं ताटात, आणि कशावर काय ठेवलं होतं, हे आपल्या आईला विचारावं असं त्याच्या मनात आलेलं दिसलं. त्यानं आईकडे पाहिलं. विनोदिनीबाई एकदम पानं घ्यायला आत गेल्या.

मीनल जमिनीवरची माती गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही. "नील," ती म्हणाली, "तुझ्या मावशीले विचार, सोमवारी सोबत पराठे देऊ का थालीपीठ? अन् म्हणा, एखाद्या दिवशी नीलच्या आजीलेही वर बसवून दाखव, डायव्हरच्या बाजूले."

"नील," ज्ञानदा म्हणाली. तिनं नीललाच गच्च धरलं. तो वैतागून ओरडला.

आपण बरोबर केलं की नाही, ही शंका गंगाधररावांकडे नेहमीसारखी वेळेवर येऊन पोहोचली होती. त्यांनी तिला बसू दिलं. शब्दकोश उचलून धोतराच्या सोग्यानं लाळ पुसली. डाग तसाच होता, फक्त आता तो आईच्या हाताएवढा वाटत होता.

आक्कांनी पंगतीच्या लाडवांचा डबा उघडला, त्यातला एक बुंदीचा लाडू घेतला आणि भावापुढे धरला. आतून विनोदिनीबाईंचा, डायबेटिसच्या गोळ्यांची आठवण करून देणारा आवाज आला. तो दोघांनाही ऐकू आला नाही.

"घे, गंग्या," आक्का म्हणाल्या. "या खेपेले नुसता लाडूच घे."

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि लाडू दोन्ही हातांनी घेतला.